दवण्याला कुंडी कुठली?

चैत्र आला की आपल्या कोल्हापूरकडच्या घरांत दोन वास हमखास येतात. एक कैरीच्या डाळीचा आणि दुसरा दवण्याचा. कैरीची डाळ चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, आणि दवणा जोतिबाला. गुलाल, खोबरं आणि दवणा या तीन गोष्टींशिवाय जोतिबाची चैत्र यात्रा पुरी होत नाही. पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळापुढे सासनकाठ्या नाचतात, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' घुमतं, आणि गुलालाने माखलेल्या हातात दवण्याची जुडी असते. नुसत्या जोतिबालाच नाही, चैत्रात इतर देवांनाही दवणा वाहायची जुनी रीत आहे. पंचांगात चैत्र शुद्ध चतुर्दशीला 'दमनक चतुर्दशी' म्हणतात, तो दमनक म्हणजेच आपला दवणा.

ही जुडी विकत घेण्याऐवजी आपल्याच दारात, गच्चीवर किंवा गॅलरीत लावलेला दवणा देवाला न्यावा, असं अनेक जणींना वाटतं. मग रोपं आणली जातात, कुंडीत लावली जातात, आणि पुष्कळदा फाल्गुनातच माना टाकतात. अशा वेळी हल्ली दुकानदार किंवा शेजारीण नवा सल्ला देते, "कुंडी बदला हो. ती कापडी पिशवीची कुंडी आणा, किंवा ती भोकाभोकांची. त्यात मुळं हवेनं छाटली जातात, झाड दुप्पट फोफावतं!"

मुळं हवेनं छाटली जातात म्हणजे काय? ती छाटली गेल्यावर झाड मरत कसं नाही? आणि त्यासाठी साध्या कुंडीपेक्षा जास्त पैसे मोजावेत का? मैत्रिणींनो, आज याचाच जरा हिशेब करू.

मुळं कुंडीत काय करतात?

जमिनीतल्या झाडाचं मूळ पुढे पुढे जात राहतं, त्याला अडवणारं कुणी नसतं. कुंडीत मात्र ते थोड्याच दिवसांत भिंतीशी येऊन थडकतं. प्लास्टिकची गुळगुळीत भिंत भेदता येत नाही, म्हणून ते वळतं आणि भिंतीच्या कडेकडेने फिरायला लागतं. एक फेरा, दुसरा फेरा, मग तळाशी जाऊन वेटोळं. जुनी जास्वंद किंवा कढीपत्ता कुंडीतून काढून पाहिलात, तर खाली काथ्याच्या पायपुसण्यासारखा मुळांचा गोळा दिसेल. बाहेरून मुळं भरपूर दिसतात, पण मधली माती बरीचशी रिकामीच राहिलेली असते.

असं झाड जमिनीत लावलं तरी ते वेटोळं आपोआप सुटत नाही. झाड मोठं होतं तसं तेच मूळ बुंध्याभोवती फासासारखं आवळत जातं. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडाला हा दोष पुढे महागात पडतो.

हवेची कात्री

आता भिंत गुळगुळीत नसून कापडाची किंवा भोकांची आहे असं समजा. मूळ वाढत वाढत कडेला येतं आणि त्याच्या टोकाला कोरडी हवा लागते. मुळाचं टोक अगदी कोवळं असतं, ते तिथंच सुकतं. मूळ मात्र मरत नाही. आपण तुळशीचा शेंडा खुडला की खालून चार फुटवे येतात ना, अगदी तसंच खाली मातीत घडतं. टोक थांबलं की मागच्या भागातून बारीक बारीक नवी मुळं फुटतात. तीही कडेला गेली की थांबतात, आणखी फुटवे येतात. अशाने वेटोळ्याऐवजी सगळ्या मातीत पसरलेली दाट जाळी तयार होते. अन्नपाणी घ्यायचं काम या बारीक मुळांचंच, त्यामुळे मातीच्या कणाकणाचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. हवा लागली तरच ही कात्री चालते. पिशवी थेट फरशीवर टेकवली तर तळाला ओल राहते, मुळं कापडातून बाहेर येतात आणि फरशीवर पसरतात. म्हणून पिशवी दोन-तीन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर हवी. खालून वारा खेळलाच पाहिजे.

कल्पना तशी जुनीच

या कल्पनेला साठेक वर्षं झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले उद्यानतज्ज्ञ कार्ल व्हिटकॉम्ब यांनी दुधाच्या कागदी खोक्यांचे तळ कापले, ती जाळीवर ठेवली आणि त्यांत झाडांची रोपं वाढवली. तळाशी आलेलं सोटमूळ हवेत सुकलं आणि वरून भरपूर आडवी मुळं फुटली. पुढे यातूनच तऱ्हेतऱ्हेच्या कुंड्या निघाल्या. आपल्याकडे वनखात्याच्या रोपवाटिकांत 'रूट ट्रेनर' नावाचे निमुळते कप आले, तेही याच तत्त्वाचे. आतल्या उभ्या कडांमुळे मुळं गोल न फिरता सरळ खाली जातात, आणि तळाच्या मोठ्या भोकाशी हवेत थांबतात.

इतकं लांब कशाला? आपल्या भागातल्या उसाच्या रोपवाटिकेत जाऊन बघा. नारळाच्या भुशाने भरलेल्या काळ्या ट्रेमध्ये एका डोळ्याची उसाची रोपं उभी असतात. रोप ओढलं की मुळांसकट भुशाचा घट्ट गड्डा सुटून येतो, एक मूळ तुटत नाही. ट्रे उंचावर ठेवलेले असले की तिथेही तळाच्या भोकाशी हवेची कात्रीच चालते. ज्या घरात ऊस आहे, तिथल्या बाईला ही गोष्ट नवी नाही, फक्त तिचं नाव नवीन आहे.

दवण्याचं आयुष्य चार महिन्यांचं

कुंडीची निवड करायची तर आधी झाडाचा स्वभाव बघावा लागतो. दवणा शेवंतीच्याच कुळातला, पण हंगामी. थंडीत वाढतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी बारीक पिवळसर फुलांवर येतो आणि संपतो. साधारण चार महिन्यांत सगळा खेळ आटोपतो. उंची हात-दीड हात. वास खरा खुलतो तो फुलं येताना. त्याला लख्ख ऊन हवं आणि निचऱ्याची माती हवी. मुळाशी पाणी साचलेलं त्याला अजिबात खपत नाही.

आता विचार करा. मुळांचं वेटोळं हा दोष लिंबाला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला जाचतो, कारण ती झाडं वर्षानुवर्षं त्याच कुंडीत असतात. चार महिन्यांच्या पाहुण्याला त्या वेटोळ्याचा कितीसा त्रास होणार? पुरेशा मोठ्या कुंडीत त्याची मुळं कडेला पोचून दोन फेरे मारेपर्यंत चैत्र पौर्णिमा येऊन जाते. म्हणजे नुसत्या मूळछाटणीसाठी दवण्याला महागडी कुंडी घ्यायचं कारण उरत नाही.

तरीही कापडी कुंडीत दवणा बरा येतो असं काही जणी सांगतात, त्यात तथ्य आहे. पण बहुतेक वेळा त्याचं श्रेय छाटणीचं नसून निचऱ्याचं असतं. कापडातून जास्तीचं पाणी झिरपून जातं आणि मुळांना हवा मिळते. दवणा मरतो तो पुष्कळदा तहानेने नाही, तर लाडाने घातलेल्या जास्त पाण्याने. जी कुंडी जास्तीचं पाणी धरून ठेवत नाही, ती दवण्याला मानवते.

चार कुंड्या समोरासमोर

मग आपली कुंभाराची मातीची कुंडी कुठे बसते? चांगल्या जागी बसते! तिच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं असतात. माठासारखीच ती पाझरते, बाहेरचं पाणी उडून जातं आणि आतली माती थंड राहते. मुळांना हवाही थोडी मिळते. मुळं तिच्यात कडेने फिरतात हे खरं, पण दवण्याच्या मुदतीत ते चालून जातं. तोटे म्हणजे वजन आणि फुटण्याची भीती. गच्चीवर दहा-बारा ओल्या कुंड्या चढवायच्या तर स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या कडेने ठेवाव्यात.

प्लास्टिकची कुंडी हलकी, स्वस्त, पाणी टिकवणारी. पण तिची भिंत पाझरत नाही आणि रंग काळा असेल तर फाल्गुनातल्या दुपारी ती तव्यासारखी तापते. पश्चिमेकडच्या बाजूची मुळं अक्षरशः भाजून निघतात. प्लास्टिकच वापरायचं असेल तर पांढरी किंवा फिकट रंगाची घ्या, तळाला चार-पाच मोठी भोकं आहेत ना ते बघा, आणि दुपारनंतर तिच्यावर भिंतीची सावली येईल अशी जागा द्या.

कापडी कुंडी म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाची पिशवी. निचरा उत्तम, मुळांना हवा भरपूर, माती तापत नाही, हंगाम संपला की धुऊन घडी घालून कपाटात ठेवता येते. पण ती सगळ्या बाजूंनी सुकते. साध्या कुंडीला दिवसाआड पाणी पुरत असेल तिथे हिला रोज लागतं, कडक उन्हात दोनदाही. पाणी क्षारांचं असेल तर बाहेरून पांढरी पुटं चढतात. आणि खालून पाणी गळून फरशीवर डाग पडतात, ते घासायला शेवटी आपणच!

चौथी कुंडी कुठल्याच दुकानात 'कुंडी' म्हणून मिळत नाही. ती म्हणजे बुरुडाकडची बांबूची बुट्टी. तिला आतून गोणपाटाचं अस्तर लावा आणि माती भरा. चारी बाजूंनी हवा, खालून निचरा, मुळांची छाटणी, सगळं आलं. नुसत्या तरटाची पिशवी शिवली तरी चालते. "पण तरट कुजतं ना?" कुजतंच. पण ओल्या मातीत तरट एक हंगाम तग धरतं, आणि आपल्या दवण्यालाही एकच हंगाम लागतो. यात्रा झाली की तरट फाडून खतात टाकायचं, बुट्टी वाळवून ठेवायची. मागे प्लास्टिकचा कचरा राहत नाही.

'ग्रो बॅग' म्हणजे कापडी कुंडी नव्हे

इथे बाजारात होणारा एक घोटाळा सांगायला हवा. हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या विणलेल्या ज्या 'ग्रो बॅग' सगळीकडे मिळतात, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. पाणी फक्त तळाच्या तीन-चार भोकांतून जातं, भिंतीतून हवा येत नाही. म्हणजे ती पिशवीच्या आकाराची प्लास्टिकची कुंडीच झाली. ती वाईट नाही, बरीच वर्षं टिकतेही, पण 'मुळं छाटणारी' म्हणून तिला जास्त पैसे देऊ नका. ओळखायची खूण सोपी आहे. पिशवीत तांब्याभर पाणी ओता. भिंत ओली होऊन पाझरली तर ती कापडी, पाणी नुसतं तळाच्या भोकातून गेलं तर साधी.

पाण्याचा प्रश्न

खेड्यात आणि छोट्या गावांत कुंडीची किंमत एकदाच मोजावी लागते, पाण्याची रोज. ज्या घरी फाल्गुन-चैत्रात नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथे कापडी कुंड्यांची रांग म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी दोन घागरी. तिथे मातीची कुंडीच शहाणपणाची. नोकरीसाठी सकाळी घर सोडणाऱ्या, दोन दिवस माहेरी जाणाऱ्या बायकांनाही हाच सल्ला. उलट हाताशी विहीर किंवा बोअर आहे, आणि माया करताना आपला हात पाण्याला सैल सुटतो हे ठाऊक आहे, त्यांनी कापडी किंवा तरटाची कुंडी घ्यावी. जास्तीचं पाणी ती स्वतःच सोडून देईल.

कुठलीही कुंडी असो, वरून दोन बोटं उसाचं पाचट पसरा. ओल टिकते आणि वरची बारीक मुळं करपत नाहीत. माती भरताना मळ्याची पोयट्याची माती, जुनं शेणखत आणि जाड वाळू सारखी मिसळा. नुसती काळी माती कापडी पिशवीत तर मुळीच नको. ती सुकली की आक्रसते, पिशवीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून माती भिजलेली दिसते आणि आत मुळं कोरडी!

पैसे घालायचेच तर कुठे?

हवेच्या छाटणीचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. पहिलं म्हणजे रोप तयार करताना. दवण्याचं बी फार बारीक, आणि रोप नाजूक. वाफ्यातून उपटलेल्या रोपाची मुळं तुटतात, मग ते लावल्यावर आठवडाभर रुसून बसतं, कधी कधी उठतही नाही. तेच रोप ट्रेमध्ये, किंवा तळ कापून जाळीवर ठेवलेल्या कागदी कपात वाढवलं, तर मातीच्या गड्ड्यासकट लागतं आणि त्याला कळतही नाही की आपली जागा बदलली.

बचत गटाच्या मैत्रिणींनी इथे लक्ष द्यावं. दवण्याची रोपं विकायचा विचार असेल तर मोठ्या कापडी कुंड्यांच्या मागे न लागता, चार ट्रे आणि एक मांडव यात पैसे घाला. गिऱ्हाइकाच्या घरी रोप जगलं तर तीच बाई पुढच्या वर्षी परत येते. ट्रे मात्र जमिनीवर टेकवायचे नाहीत, पट्ट्यांवर किंवा विटांवर उचलून ठेवायचे.

दुसरं ठिकाण म्हणजे कुंडीतच राहणारी मोठी झाडं. कागदी लिंबू, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, डाळिंब यांना कापडी किंवा भोकांची कुंडी दिलीत तर वेटोळं होत नाही, आणि कुंडी बदलायची वेळही उशिरा येते.

सांगोवांगी नको, मोजून बघा

आपल्या कोल्हापूरला या बाबतीत एक थोर परंपरा आहे. श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे शिक्षक. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी हजारो साध्या माणसांना स्वतः प्रयोग करायला शिकवलं. थोड्याशा जागेत, पालापाचोळा आणि बारीक मुळांचा नीट अभ्यास यांच्या जोरावर भाजी आणि फळं कशी घेता येतात, हे त्यांनी दाखवलं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये ते गेले, पण त्यांची शिकवण कुणालाही वापरता येते. दुकानदाराचं ऐकू नका, या लेखाचंही नुसतं ऐकू नका, आपल्या गच्चीवर करून बघा.

करायचं इतकंच. सारख्या मापाच्या दोन कुंड्या घ्या, एक मातीची आणि एक तरटाची किंवा कापडी. दोन्हींत एकाच ढिगातली माती तेवढीच भरा. एकाच दिवशी, एकाच ट्रेमधली, सारख्या उंचीची चार-चार रोपं लावा. दोन्हींना सारखंच ऊन मिळू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती तांबे पाणी घातलं ते लिहा. पहिलं फूल कुठल्या कुंडीत कधी आलं ते लिहा. शेवटी दवणा कापल्यावर दोन्ही जुड्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, कुंड्या पालथ्या करा आणि मुळं बघा. कदाचित तरटातली जुडी थोडी भारी भरेल, पण तिला पाणीही किती जास्त लागलं ते कॅलेंडरवर दिसेल. मग पुढच्या वर्षी कुठली कुंडी घ्यायची, ते तुम्हाला कुणालाही विचारावं लागणार नाही. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हाताशी घेतलंत तर त्यांच्या विज्ञानाच्या वहीलाही विषय मिळेल.

आणि जुडी हलकी भरली तरी हिरमुसू नका. चार पानांची का होईना, ती आपल्या हातची असते. तिचं बी मात्र राखून ठेवा. एक-दोन झाडं न कापता फुलून सुकू द्या, कागदावर झटका, सावलीत वाळवा आणि पुडी बांधून त्यावर वर्ष लिहा. दवण्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून पुढच्याच हंगामात ते वापरायचं, आणि उरलेलं शेजारणीला द्यायचं.

चौकट : दवण्याचं घरगुती वेळापत्रक

दत्तजयंती : मार्गशीर्ष पौर्णिमेपासून चैत्र पौर्णिमा बरोबर चार महिन्यांवर. या सुमाराला बी टाका. बी बारीक वाळूत मिसळून पेरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या, पाणी झारीने किंवा शिंपडून. सगळं बी एकदम न टाकता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा टाका. अधिक चैत्र येणार असेल त्या वर्षी महिनाभर उशीर करा.

संक्रांत : रोपं चार-पाच आठवड्यांची, बोटभर उंच झाली की कुंडीत लावा. बारा इंची कुंडीत चार-पाच रोपं पुरे. लावणी संध्याकाळी करा.

माघातले खेटे : रविवारचे खेटे सुरू झाले की ऊन वाढू लागतं. पाचट पसरा. बोट मातीत पेराएवढं घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या.

फाल्गुन : काळ्या कुंड्यांना दुपारची सावली. कापडी आणि तरटाच्या कुंड्यांना रोज पाणी.

चैत्र : बारीक फुलं दिसू लागली की सकाळी दव वाळल्यावर दवणा कापा. जुडी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डोंगरावर पोचेपर्यंत वास टिकून राहील.